आतल्या कडेचा उतार

६ जानेवारी, सोमवार

ही वही आदितीच्या हुकमावरून. आदिती माझी कॉलेजातली मैत्रीण, पुण्यात एका मोठ्या कंपनीत रस्त्यांचे नकाशे करते. ती म्हणाली, "रोज संध्याकाळी चार ओळी लिही आणि खाली, त्या दिवशी ज्याचे आभार मानावेसे वाटतील त्याचं नाव टाक. संयोगिता, तुझं डोकं लवकर तापतं, त्यावर हे औषध आहे." डोकं तापतं हे मला मान्य नाही, पण वही आणली.

आजपासून मी पुन्हा नोकरदार बाई. राजवीर पोटात असताना सोडलेलं काम, आता तो पहिलीत जायच्या बेताला आल्यावर हाती आलं. पारस मगदूम सरांचं ऑफिस शाहूपुरीत आहे. सर, मी आणि आदर्श नावाचा एक इंजिनीअर, एवढाच कारभार. अर्ज टाकला आणि तिसऱ्याच दिवशी फोन! नवऱ्याला, विश्वजितला, म्हटलं, बघ, चांगला अर्ज लिहिला की माणूस वाचतो. मुलाखतीत सरांनी सॉफ्टवेअरचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "काम चुकलं तर तोंडावर सांगता, की झाकून ठेवता?" मी म्हटलं, "सांगते की. आमच्या घरात त्यावरनंच तर भांडणं होतात." सर हसले आणि म्हणाले, "मग या सोमवारपासून." पण नेमणूक तात्पुरती. बेलवाडीच्या रस्त्याचे नकाशे मंजूर होईपर्यंत काम बघणार, मग ठरवणार. म्हणजे ते नकाशे पास तर मी पास.

निघताना आत्याबाई दारात उभ्या. सासूने सुनेला पहिल्या दिवशी काय म्हणावं? "पंधरा दिसांत कट्टाळशील बघ. आनि डबा इसरू नगंस." अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. आवाज मुळातच भोंग्यासारखा.

आजचे आभार: पारस सर, ज्यांनी अर्ज नीट वाचला.

७ जानेवारी, मंगळवार

बेलवाडी शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. पूर आला की गावातून बाहेर पडायला एकच वाट, माळावर चढणारी. ती सध्या कच्ची आहे. तिचा पक्का, रुंद रस्ता करायचा आहे. गाव सोडलं की सरळ चढ, मग पाण्याच्या टाकीपाशी एक मोठं वळण आणि वळून माळ. सरांनी आखणी केली, नकाशा तालुक्याला गेला आणि तपासणाऱ्या साहेबांनी परत पाठवला, "वळणावरचा उतार दाखवलेला नाही." महिनाअखेरीला दुरुस्त नकाशा गेला नाही, तर काम पावसाळ्याआधी सुरू होत नाही. पुढचा पावसाळा परत कच्च्या वाटेवर.

तर हे वळण आता माझ्याकडे. सरळ रेषेला सॉफ्टवेअर उतार आपोआप लिहून देतं: एक बाण आणि शेजारी टक्के, म्हणजे शंभर मीटर चाललं की किती मीटर चढलो. त्याला लेबल म्हणायचं. वळलेल्या रेषेवर मात्र हेच यंत्र मुकं होतं. त्रिज्या सांगेल, लांबी सांगेल, कोन सांगेल. उतार विचारला की गप्प. सर म्हणाले, "तयार मिळत नाही. आपलं आपण बनवायचं. वळणावर सहा टक्क्यांच्या वर जायचं नाही, तेवढं लक्षात ठेवा." आणि जाता जाता, "तुमच्या आत्याबाईंचा गुडघा काय म्हणतोय?"

काय माणूस आहे! कामाच्या गडबडीत घरच्या माणसांची चौकशी. मीच बोलण्याच्या ओघात कधी सांगितलं असेल.

बेलवाडी हे नेमकं आत्याबाईंचं माहेर निघालं, तिथे त्यांचे भाऊ गुंडूमामा असतात. मोठ्या उत्साहाने योगायोग सांगायला गेले तर म्हणाल्या, "असंल." एवढंच. आणि भांडी घासायला बसल्या.

आजचे आभार: पुन्हा पारस सर. आणि माझी स्कूटर, थंडीत पहिल्या किकला चालू झाली म्हणून.

९ जानेवारी, गुरुवार

सॉफ्टवेअर मधल्या काळात पार बदलून गेलंय. लग्नात कुणीतरी ओळखीचं भेटावं आणि नाव आठवू नये, तशी माझी गत. दिवसभर लेबलाच्या खिडक्या उघडल्या आणि मिटल्या. शेवटी डोकं लढवलं. वळणाचा उतार कॅल्क्युलेटरवर काढला आणि नुसता आकडा नकाशावर टाईप केला. बाणही हातानेच काढला. दिसायला अगदी बाकीच्या लेबलांची जुळी बहीण. आदर्श म्हणाला, "मॅडम, झकास! कुणाच्या बापाला कळायचं नाही."

घरी आले तर टीव्ही बंद. आत्याबाईंची मालिका लागायची वेळ, पण घरात चिडीचूप आणि राजवीर पाटीवर अंक गिरवत बसलेला. म्हटलं, आजी रुसल्या वाटतं. विचारलं तर म्हणाल्या, "रोज तेच तेच दावत्यात. तू बस तुझं कामपूटर घिऊन." हा टोमणाच होता. मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला.

आजचे आभार: आदर्श.

१० जानेवारी, शुक्रवार

आदर्शचे आभार परत घेते.

सरांनी नकाशा उघडला. माळाकडचं टोक अर्धा मीटर वर उचललं. सगळ्या सरळ रेषांची लेबलं टकाटक बदलली. माझा वळणावरचा आकडा जिथल्या तिथे. सर म्हणाले, "बाकीचा रस्ता चढला. तुमचं वळण काय चढलं न्हाई बघा." आदर्श खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या पायात चप्पल होती.

लाजेने मेले. पण सर रागावले नाहीत. म्हणाले, "हातानं लिहिलेला आकडा त्या दिवसापुरता खरा. उंची कुणी बदलली की तो खोटा होतो आणि कुणाला कळतही नाही. लेबल असं पाहिजे की रेषा हलली की ते हललं पाहिजे."

घरी येऊन हे सांगताना डोळ्यांत पाणी आलं. विश्वजित कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेला, म्हणून आत्याबाईंनाच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग चुकलं तर चुकलं. रडतीस कशाला? भाकरी गार हुत्याय." मायेचा एक शब्द निघेल तर शपथ.

आजचे आभार: सर, रागावले नाहीत म्हणून. आणि विश्वजित. माझा कालचा डबा घासून, पुसून ठेवला होता त्याने.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी. इतकी, की सर आणि आदर्शही जेवले. सर म्हणाले, "ही चव म्हंजे अगदी बेलवाडीची." खरंच रसिक माणूस. एकदा मोजणीला गेले असताना तिथे जेवले असतील.

आत्याबाई दर संक्रांतीला पुण्याला माझ्या नणंदेकडे जातात, महिनाभर. मला तो महिना माहेरपणासारखा असतो. या वर्षी जात नाहीत. "थंडी लय हाय तिकडं." पुण्यात कोल्हापूरपेक्षा अशी कितीशी थंडी असते? नणंदेचा फोन आला होता, ती नाराज. मीही नाराज, पण मला बोलायची सोय नाही.

आजचे आभार: भोगीच्या भाजीतला पावटा.

१५ जानेवारी, बुधवार

लेबलाला सूत्र शिकवता येतं! खिडकीच्या आत खिडकी, तिच्या आत आणखी एक, तिथे आपलं स्वतःचं गणित लिहायची जागा आहे. रेषेच्या शेवटच्या टोकाची उंची वजा सुरुवातीच्या टोकाची उंची, भागिले लांबी. ते गणित लेबलाच्या मजकुरात बसवायचं, टक्के करायचे, झालं.

झालं कुठलं? उत्तर सरांनी कागदावर काढलेल्या आकड्याशी जुळेना. माझं वळण जास्तच उभं. आदितीला फोन केला. तिने एकच विचारलं, "लांबी म्हणून तू काय घेतलंस? कंस की जीवा?"

आठवीची भूमिती! मी वळणाच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर घेतलं होतं, रस्ता मात्र कंसावरून जातो. माणूस काही टाकीतून आरपार चालत जाणार नाही. कंसाची लांबी टाकली आणि आकडा जुळला. मग लक्षात आलं की चिन्ह उलटं आहे. रेषा माळाकडून काढलेली, त्यामुळे लेबल सांगत होतं की गाव वर आणि माळ खाली. ती उलटवली. मग सरांसारखंच टोक उचलून पाहिलं आणि वळणावरचा आकडा बदलला! मी खुर्चीतच ओरडले. आदर्श चहा सांडता सांडता राहिला.

आजचे आभार: आदिती. आमच्या भूमितीच्या बाई, जिथे असतील तिथे. सॉफ्टवेअरसुद्धा, जा, तुलाही माफ केलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

लेबल देखणं झालंय. अक्षरं रेषेबरोबर वळतात, बाण चढाकडे तोंड करून. मधल्या रेषेवर लावलं: ५.९. सहाच्या आत. साहेबांनी एवढंच मागितलं होतं. पण नवीन वस्तू हातात आली की राहवत नाही, म्हणून बाहेरच्या कडेला लावलं, मग आतल्या कडेला लावलं.

आतली कड: ७.७.

वाटलं, माझंच सूत्र परत गंडलं. कॅल्क्युलेटरवर केलं, मग कागदावर केलं. आकडा तोच. आणि कारण इतकं साधं की हसू यावं. दोन्ही कडा सारख्याच उंचीला चढतात, पण वळणाच्या आतली कड आखूड. कमी अंतरात तेवढंच चढायचं, म्हणजे उभं चढायचं. आधी कुणाला दिसलं नाही, कारण वळणावर लेबलच नव्हतं.

आखणी सरांची स्वतःची आहे. कुणाशी बोलले नाही.

आजचे आभार: आज नको.

१८ जानेवारी, शनिवार

आदर्शला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, साहेबांनी मधल्या रेषेचं विचारलंय. आतलं लेबल बंद करा, एका क्लिकचं काम हाय. वळण बदलायचं म्हंजे सगळे नकाशे परत, आतल्या बाजूच्या शेताचा कोपरा जाणार, शेतकरी देतोय का न्हाई कुणास ठाऊक. तारीख हुकली तर खापर तुमच्यावर. आणि तुम्ही तर अजून कच्च्या."

वाईट माणूस नाही तो. माझ्याच भल्याचं बोलत होता, आणि खोटं काहीच बोलत नव्हता. मधली रेषा नियमात बसते. मी लेबल बंद केलं. नकाशा स्वच्छ दिसायला लागला. घरी येईपर्यंत मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

आत्याबाई म्हणाल्या, "त्वांड का उतरलंय?" म्हटलं, काही नाही. "न्हाई म्हनलीस म्हंजे हाय. उद्या बेलवाडीला चल, गुंडूच्या नातीचं बारसं हाय." रविवारची एक सुट्टी, तीही गेली.

आजचे आभार: कुणाचे नाहीत. आदिती ओरडली तर ओरडू दे.

१९ जानेवारी, रविवार

आज लिहायला खूप आहे.

बारसं झालं, जेवणं झाली. गुंडूमामा मला फार मानानं वागवत होते, "इंजिनेर बाई, वाढून घ्या की." परत निघालो तर टाकीजवळच्या वळणावर आमची गाडी थांबली. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस वरपर्यंत रचलेला, गाणी मोठ्यांदा लावलेली. या हंगामात रोज बघतो आपण. पण आज मी बघत होते ती चाकं. ट्रॅक्टर वळणाच्या मधून गेला. पहिली ट्रॉली थोडी आत सरकली. दुसरी तर सरळ आतल्या कडेवर चढली, तिथे अडली, आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलल्यासारखं झालं. एक जण धावत जाऊन चाकामागे दगड ठेवून आला. गाणं चालूच.

आत्याबाई काचेतून बघत होत्या. म्हणाल्या, "मागली ट्रॉली आतनंच जात्याय. कायम."

मग काहीही न विचारता बोलायला लागल्या. एकोणीसच्या पुरात त्या इथे होत्या, त्यांच्या आजारी आईपाशी. मी तेव्हा राजवीरला घेऊन माझ्या माहेरी बाळंतपणात, त्यामुळे मला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे, असं मी धरून चालते. कुणी सांगितलंही असेल आणि मी ऐकलं नसेल. "पानी दारात आलं तवा ट्रॅक्टर आला. म्होरल्या ट्रॉलीत बाळंतिनी आनि पोरं. मागल्यात आमी म्हातारी मान्सं, कडंला म्हशी बांदल्याल्या. हितं आलो आनि मागली ट्रॉली फिरली. कलली. मी आईला धरलीती, सोडली न्हाई. गुडगा आपटला लोखंडावर."

"तो गुडघा?"

"मग काय दोन गुडघं हायत व्हय दुखनारं?"

सहा वर्षं मी समजत होते की वयाचं दुखणं आहे. खरं लिहायचं तर कधीकधी सबब आहे असंही समजत होते.

घरी येताना राजवीर त्यांच्या मांडीवर झोपला, त्याच पायावर, आणि मी उचलायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

आतल्या कडेवरून मागची ट्रॉली जाते. मागच्या ट्रॉलीत म्हातारी माणसं असतात. मधली रेषा कितीही नियमात असली तरी तिच्यावरून फक्त ट्रॅक्टरवाला जातो. उद्या सरांना सांगणार. नोकरी गेली तर गेली. असं लिहिलंय खरं, पण ती जावी असं मुळीच वाटत नाही.

२० जानेवारी, सोमवार

सांगितलं. वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं आणि तोंडातून निघालं भलतंच, "सर, चुकलंय. म्हणजे अजून नाही, पण चुकणार आहे."

बंद केलेलं लेबल चालू करून दाखवलं. शनिवारी बंद केलं होतं हेही सांगून टाकलं. आदर्शचं नाव घेतलं नाही. कालचा ट्रॅक्टर सांगितला. सरांनी चष्मा पुसला, परत घातला आणि ७.७ पुन्हा वाचलं.

"वळण मी टाकलंय," ते म्हणाले.

"हो सर."

"ठाऊक असून सांगताय."

मला वाटलं, संपलं. पर्स कुठे ठेवली ते बघून ठेवलं. सरांनी खिडकीतून खाली हाक मारली, "तीन चहा!" आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "वळण मोठं करू. चढ जरा गावाकडनंच सुरू करू. बघू तुमचं लेबल काय म्हणतंय."

आदर्श उठून आला आणि म्हणाला, "सर, कल्पना माझी हुती, लेबल बंद करायची."

आजचे आभार: पारस सर. आदर्श (परत घेतलेले परत दिले). चहावाला.

२१ जानेवारी, मंगळवार

दिवसभर वळण ताणलं, सैल केलं. रेषा हलली की तिन्ही आकडे हलतात. आधी सरांना दर वेळी कागदावर मांडायला लागायचं, आता नुसतं बघायचं. शेवटी आतली कड ५.८ वर आली. मधली पाचच्याही खाली. पण वळण मोठं केल्यामुळे आतल्या बाजूच्या शेताचा कोपरा लागतोय. नकाशात नुसता गट नंबर आहे, शेत कुणाचं ते ग्रामपंचायत बघेल. त्या कोपऱ्यात वैरणीची गंज आहे म्हणे. जमीन द्यायला कोण तयार होतंय? सरांचाही चेहरा गंभीर.

घरी ही चिंता बोलून दाखवली. आत्याबाईंनी टाकीपाशी कुठला कोपरा, विहिरीकडचा का ओढ्याकडचा, असल्या चौकशा केल्या. त्यांना काय करायचंय? नंतर परसात जाऊन फोनवर कुणावर तरी ओरडत होत्या. बहुतेक दूधवाल्यावर.

आजचे आभार: ५.८ हा आकडा.

२४ जानेवारी, शुक्रवार

चमत्कार! शेतकऱ्याने कोपरा दिला. ग्रामपंचायतीत आपण होऊन आला, सही केली आणि गंज दुसरीकडे हलवतो म्हणाला. आदर्श म्हणाला, असा शेतकरी त्याने नकाशावर सुद्धा बघितला नाही. सर नुसते हसले. मला वाटतं, त्यांनीच जाऊन समजूत घातली असणार, त्यांच्या शब्दाला तिकडे वजन आहे.

आजचे आभार: तो अनोळखी शेतकरी. देव त्याचं भलं करो.

३० जानेवारी, गुरुवार

नकाशे गेले. मुदतीच्या एक दिवस आधी. शेवटचे तीन दिवस घरी यायला उशीर झाला, राजवीर जेवून, अभ्यास करून, माझी वाट बघत बसलेला असायचा. गुणी आहे माझं लेकरू, आपलं आपण सगळं करतं.

आत्याबाई लंगडत होत्या. राजवीरची शाळेची रिक्षा आठवडाभर आलेली नाही, तो रोज चालत गेला, असं आज कळलं. आजी सोबत. मी म्हटलं, मला सांगायचं नाही का? "सांगून काय करनार हुतीस? नकाशा सोडून येनार हुतीस?"

आजचे आभार: राजवीर.

९ फेब्रुवारी, रविवार

परवा मंजुरी आली. एकही शेरा नाही. उलट साहेबांनी सरांना फोनवर विचारलं की वळणावरचं लेबल कसं केलंत. सरांनी फोन माझ्या हातात दिला. आणि ठेवल्यावर म्हणाले, "एक तारखेपासून कायम. आता हे लेबल आपल्या ऑफिसच्या प्रत्येक नकाशाला." मी खाली स्कूटरपाशी जाऊन एकटीच हसले. मला वाटलं होतं, एवढंच लिहून वही सुखाने मिटेन.

आज गुंडूमामा आले. हातात काकवीची बरणी. आत्याबाई राजवीरला घेऊन भाजीला गेलेल्या. मामा म्हणाले, "मग, आमचा कोपरा बसला का न्हाई नकाशात?"

"कुठला कोपरा?"

"आं? टाकीजवळचा. वैरनीचा."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमचं शेत आहे ते?"

"ताईनं सांगितलं न्हाई व्हय? फोनवर माझा कान फोडला की तिनं. मी म्हनलं, ताई, नकाशा तर बघू दे. तर म्हनती, माझ्या सुनंनं काडलाय, त्यात बघायचं काय? सई कर जा."

"त्यांनी तरी कुठे बघितलाय नकाशा, मामा."

"तेच की! मी बी तेच म्हनलं."

मामांनी पाणी पिऊन घेतलं आणि गंमत सांगावी तसं पुढचं सांगितलं. पारस सर गेल्या दिवाळीनंतर मोजणीला आले, तेव्हा मामांकडेच जेवायचे. भाऊबीजेला गेलेल्या आत्याबाईही तिथेच होत्या, भाकऱ्या त्याच करत होत्या. सर म्हणाले, नकाशाला माणूस मिळत नाही. तर आत्याबाई चुलीपासूनच ओरडल्या. मामांनी त्यांच्या आवाजाची नक्कल केली, "माझी सून घ्या. लय तोंडाळ हाय, घरात उच्छाद हाय, पर चुकलं तर चुकलं म्हनती, झाकून ठिवत न्हाई." सर एवढे हसले की ठसका लागला. म्हणाले, तिला अर्ज टाकायला सांगा.

अर्ज. मला आठवलं. जाहिरातीचं पान आत्याबाईंनीच पुढे सरकवलं होतं, त्यावर कोथिंबीर निवडता निवडता. "हे बग, काय तरी आलंय. तुला जमायचं न्हाई म्हना." मी रागाने त्याच दिवशी अर्ज टाकला.

मामा गेल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. पारस सरांचे आभार किती वेळा मानलेत. आदितीचे, आदर्शचे, चहावाल्याचे, स्कूटरचे. पावट्याचे. डबा घासल्याबद्दल विश्वजितचे मानले, आज त्याला विचारलं, तर म्हणाला, "मी? मी कधी घासला?" शेतकऱ्याला अनोळखी म्हणून आशीर्वाद देऊन मोकळी झाले. एका माणसाचं नाव कुठेच नाही, आणि प्रत्येक पानावर ती आहेच. मला फार लाज वाटली. आणि फार बरंही वाटलं, इतकं की बाहेर पडवीत जाऊन थोडं रडून आले.

आत्याबाई आल्या तेव्हा नकाशा जमिनीवर पसरून ठेवला होता. भाजीची पिशवी ठेवून, गुडघ्यावर हात देऊन त्या खाली बसल्या. मी टाकी दाखवली, गाव दाखवलं, मामांचा कोपरा दाखवला. वळणावरून वळत गेलेल्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं, आतल्या कडेच्या.

"हे वाकडं काय लिवलंय?"

"पाच पूर्णांक आठ."

"म्हंजी काय?"

"म्हणजे आत्याबाई, मागच्या ट्रॉलीत बसलं तरी चालेल."

त्यांनी बोट तिथून हलवलं नाही. भोंग्यासारखा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. म्हणाल्या, "आई असती तर दावलं असतं तिला." मग उठल्या आणि म्हणाल्या, "गुंड्यानं काकवी आनली व्हय? कमीच दिलीया."

आजचे आभार वहीत लिहीत नाही. ही वही त्या कधी वाचणार नाहीत. आत जाऊन सांगते.

सांगितलं. जाहिरात, कोपरा, पुणं, टीव्ही, रिक्षा, डबा, सगळं एका दमात. त्या मेथी निवडत होत्या, मान वर केली नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? मग बस, जुडी सोड. आनि उद्याच्याला डब्यात काय दिऊ?"